नवी थार, सोबत कुत्रा: आधी काय करावं

भावा, अभिनंदन! पण लगेच लिफ्ट किट (गाडी उंच करायचं), विंच (अडकलेली गाडी ओढायचं), लाइटबार असलं काही लावत बसू नकोस, एक पावसाळा गाडी आहे तशीच चालव, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) कधी टाकायचं ते अंगवळणी पडू दे. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून फिरायचं नाही, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सची) वाट लागते. खर्च करायचाच तर एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टायर, हवा मोजायचा प्रेशर गेज आणि हवा भरायचा छोटा पंप घे. चिखलात हवा 20 पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो आणि पकड येते, पण डांबरावर आलास की परत भर, नवीन लोक हेच हमखास विसरतात. बुलबार (बंपरपुढे लावतात तो लोखंडी गार्ड) नकोच, 2017 मध्ये केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलंय आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही तो नडतो.

कुत्र्यासाठी:
- गळपट्ट्याला नाही, हार्नेसला सीटबेल्ट अडकव.
- घाटाआधी पोटभर खायला देऊ नकोस, ओकतो बिचारा.
- बंद गाडीत एकटं अजिबात ठेवायचं नाही, काच थोडी खाली असली तरी नाही, उन्हात जीव जातो.
- रानातून आलात की कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघ, तिथेच लपतात.

आणि पहिल्या ट्रेलला (कच्च्या, रानातल्या वाटेवर जाताना) दुसरी गाडी सोबत घेच, एकट्याने जाऊ नकोस. बाकीचं नंतर सांगतो.