वाचकांचे प्रश्न : पोथीतलं रिद्धपूर अन् कपाटातली पुस्तकं

प्रश्न : आमच्या गावात ड वर्ग वाचनालय आहे जी, मोर्शी तालुक्यात. दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत पण पोरं येतात, पेपरातलं भरतीचं पान पाहतात अन् निघून जातात. शहरात म्हणे पुस्तकाले चित्र, सिनेमा, जागा असं जोडून कार्यक्रम घेतात. आमच्याकडे ना म्युझियम ना थिएटर. आम्ही कशाले काय जोडाचं?

उत्तर : दादा, तुमचा तालुका वाचला आणि खरंच हेवा वाटला. रिद्धपूर तुमच्याच तालुक्यात आहे ना! १३व्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींचं चरित्र, लिहिलं ते तिथंच, आणि कसं लिहिलं तर स्वामींना ज्यांनी ज्यांनी पाह्यलं होतं त्यांना गाठून, एकेकाला विचारून, मग स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेऊन. पण तुमच्या कामाची खरी गोष्ट मला वाटते ती स्थानपोथी. स्वामी कुठल्या गावात कुठं उतरले, देऊळ कोणत्या तोंडाचं होतं, त्याच्या कोणत्या अंगाला काय होतं, असं सगळं दिशा सांगून सांगून त्यात लिहून ठेवलंय, आणि त्या त्या जागेवर ओटे बांधलेत, त्या ओट्यांवर लोक आजही डोकं टेकतात. शिवाय स्वामींचा हात लागलेल्या वस्तू प्रसाद म्हणून जपल्या त्या वेगळ्याच. म्हणजे पुस्तक, जागा आणि वस्तू जोडायचं काम तुमच्या तालुक्यात सातशे वर्षांपासून चालू आहे, आपण ते फक्त वाचनालयात आणायचं.

एका रविवारी दहा पोरं घ्या, रिद्धपुरातली एखादी छोटी लीळा, म्हणजे स्वामींचा एखादा प्रसंग, आणि त्या जागेचं वर्णन कागदावर उतरवून घ्या आणि चला. वर्णन वाचत वाचत ओटा त्यांनाच शोधू द्या, तुम्ही बोट दाखवू नका. जुनी मराठी अडेल, हो अडेलच, तर तिथं बसलेल्या एखाद्या बाबांना वाचायला सांगा, ते वाचतील तेव्हा निम्मं आपोआप कळतं. परत आल्यावर प्रत्येकानं आपल्या गावची स्थानपोथी लिहायची, पार कुठं, पाराच्या उगवतीला काय, पहिली पिठाची चक्की कोणत्या घरात होती, कोणती विहीर बुजवली. म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय हे लिहिताच येत नाही आणि तेच तर पाहिजे. आणि महानुभावांची सकळ लिपी आहे ना, अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवून केलेली गुप्त लिपी, ती सांगा एकदा पोरांना, मग पाहा कशी चिठ्ठ्या लिहीत बसतात.

माझा अनुभव सांगते. एका गावात मी पोरांना घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगितली होती. एक पोरगी म्हणाली आजीचं जातं आणता येत नाही, लय जड आहे. मग आम्हीच तिच्या घरी गेलो, आजीनं दोन ओव्या म्हटल्या, आणि संध्याकाळी मी तिला ओव्यांचं पुस्तक दिलं तर ती अंधार पडेपर्यंत त्यात आजीची ओवी शोधत होती. तेव्हापासून मी पुस्तक आधी देतच नाही. आधी जातं, मग पुस्तक.

आणखी एक. उद्धव शेळक्यांची धग ही कादंबरी, १९६० ची, कपाटात असेल तर काढा, नसेल तर मागवा. त्यातल्या नायिकेचे, कौतिकचे संवाद मोठ्यानं वाचायला गावातल्याच एखाद्या काकूंना बोलवा. आपल्या घरात बोलतात ती वऱ्हाडी छापलेली असते हेच पुष्कळ पोरांना माहीत नसतं हो, आणि शाळेत ती बोलली की रागावतात म्हणून त्यांना तिची लाज वाटायला लागलेली असते. हे मला फार लागतं.

प्रश्न : गाडगेबाबांवर कार्यक्रम घेतोय. सिनेमा आधी दाखवावा का पुस्तक आधी द्यावं? (एक शिक्षक, दर्यापूर)

उत्तर : सर, दोन्हीच्या आधी आवाज. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबांनी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात केलेल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आहे, ते मोबाइलवर लावा आणि पोरांना डोळे मिटून ऐकू द्या, बाबा कसे प्रश्न विचारतात आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेतात ते. त्यानंतर दीडेक महिन्यातच, २० डिसेंबरला, ते गेले, आपल्या वलगावजवळ. मग गो. नी. दांडेकरांचं पुस्तक, ते जन्मले परतवाड्याला आणि बाबांसोबत फिरलेले, त्यामुळं त्यात पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. राजदत्तांचा १९७७ चा देवकीनंदन गोपाला सगळ्यात शेवटी. श्रीराम लागूंनी काम इतकं जबरदस्त केलंय की आधी दाखवलात तर पुस्तक वाचताना पोरांना लागूच दिसत राहतील.

प्रश्न : वाशीमहून मुलांची सहल अजिंठ्याला नेतोय. सोबत कोणतं पुस्तक न्यावं?

उत्तर : ताई, जातककथांचं, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींचं, कुठलंही साधं पुस्तक. पण निघण्याआधी वाशीममध्येच मुलांना सांगा की आपलं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, आणि १६ नंबरचं लेणं खोदवलं ते इथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं, तसा लेखच आहे तिथं. म्हणजे आपण परक्याची चित्रं पाहायला जात नाही. २ नंबरच्या लेण्यात तर आर्यशूर या कवीच्या जातकमालेतले श्लोकच चित्रासोबत भिंतीवर लिहिलेले आहेत, पुस्तक आणि चित्र एकाच भिंतीवर, पुसट झालंय पण आहे. बसमध्ये विश्वंतर राजपुत्राची गोष्ट सांगा, सगळं दान करत सुटलेला तो, आणि शेवट सांगू नका. १७ नंबरच्या लेण्यात ती गोष्ट रंगवलेली आहे, पुढचं काय झालं ते पोरांना भिंतीवर शोधू द्या.