लहान वयात प्रसिद्ध झालेला रॉक संगीतकार पुढे टिकतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपला सोळा वर्षांचा मुलगा अमळनेरकडच्या एका बँड पार्टीत की-बोर्ड वाजवतो, यूट्यूबवर गाजलेल्या एका अहिराणी गाण्यातील वादनामुळे त्याला बाहेरगावच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आहेत, रॉक संगीताचे त्याला वेड आहे आणि आता पुढे शिकायचे नाही असे तो म्हणतो, तर एवढ्या कोवळ्या वयात नाव झालेला एखादा रॉक संगीतकार आयुष्यभर टिकला आहे का, आणि टिकला असल्यास कशामुळे. मी जळगावात हार्मोनियम आणि की-बोर्ड शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे पालकांकडून वेगवेगळ्या शब्दांत येतच असतो. अशा वेळी अकाली गेलेल्या कलावंतांची नावे सांगून मुलाला घाबरवण्याची पद्धत मला पटत नाही. मी इंग्लंडचे रॉक गायक आणि ऑर्गनवादक स्टीव्ह विनवूड यांचे उदाहरण देईन.

विनवूड यांचा जन्म १२ मे १९४८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात झाला. वडील ओतकाम कारखान्यात कामाला होते आणि फावल्या वेळात सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजवत. आपल्याकडे बँडवाल्याच्या घरातले पोर आधी खुळखुळा हातात घेऊन वरातीत उभे राहते आणि तिथूनच शिकत जाते. विनवूडही साधारण आठव्या वर्षापासून वडील आणि थोरला भाऊ मफ यांच्याबरोबर एका नृत्यसंगीताच्या बँडमध्ये वाजवू लागले. पियानो त्याआधीच हाताखाली आला होता आणि चर्चच्या गायकवृंदात गाणेही चालू होते. पुढे, शाळकरी वयातच, मडी वॉटर्स, जॉन ली हूकर अशा अमेरिकन ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीतातून आलेली गायकी) गायकांच्या इंग्लंडमधील दौऱ्यांत त्यांनी साथ केली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे मूळ इथे आहे. गायक कुठे थांबेल, कुठे ओळ लांबवेल, याकडे कान लावून बसण्याची सवय त्यांना प्रसिद्धीच्या आधी लागली.

१९६३ मध्ये, वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, ते मफ यांच्यासह स्पेन्सर डेव्हिस ग्रुप या बँडमध्ये दाखल झाले. जमैकाचे गीतकार जॅकी एडवर्ड्स यांचे ‘कीप ऑन रनिंग’ हे गाणे जानेवारी १९६६ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा विनवूड सतरा वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ‘गिमी सम लव्हिन’ मधला हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा, पायांनी वाजवायच्याही पट्ट्या असलेला ऑर्गन) आणि तो प्रौढ, खरबरीत आवाज ऐकून हा गायक अठरा वर्षांचा आहे यावर आजही विश्वास बसत नाही.

आणि एवढे यश हातात असताना १९६७ च्या वसंतात त्यांनी तो ग्रुप सोडला. जिम कपाल्डी, ख्रिस वूड आणि डेव्ह मेसन यांच्याबरोबर त्यांनी ‘ट्रॅफिक’ हा बँड काढला आणि हे चौघे ॲस्टन टिरोल्ड या खेड्याजवळच्या एका घरात राहून गाणी बसवू लागले. शहरातली मागणी जोरात असताना खेड्यात जाऊन तालीम करणे हे कोणत्याही व्यवस्थापकाला वेडेपणाचेच वाटले असते. ट्रॅफिकच्या अनेक कार्यक्रमांत बास गिटार वाजवणारा कोणी नसे. विनवूड हॅमंडच्या पायपट्ट्यांवर पायांनी बास वाजवत, हातांनी सुरावट धरत आणि वर गातही असत. आपल्या मुलाला हे मुद्दाम सांगा, कारण तयार रिदम आणि पट्टी आपोआप बदलून देणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणावर वाढलेल्या आजच्या वादकांचे पाय तर सोडाच, डावा हातसुद्धा पुष्कळदा मोकळा असतो.

१९६९ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन, ड्रमवादक जिंजर बेकर आणि बासवादक रिक ग्रेच यांच्यासह ‘ब्लाइंड फेथ’ हा बँड झाला. लंडनच्या हाइड पार्कमधील पहिल्याच कार्यक्रमाला लाखभर माणसे आली, एक अल्बम निघाला आणि काही महिन्यांतच बँड संपला. नावांचा गाजावाजा तालमीच्या पुढे धावला की असे होते. त्यानंतर ट्रॅफिक पुन्हा उभा राहिला. १९७२ च्या सुमारास पोटाच्या गंभीर आजाराने विनवूड यांना थांबावे लागले आणि १९७४ मध्ये ट्रॅफिकही थांबला. १९७७ च्या पहिल्या एकल अल्बमने फारसे काही हलले नाही.

तिशी ओलांडलेला, सतराव्या वर्षी प्रसिद्ध झालेला माणूस येथे बहुधा जुनी गाणी गात फिरू लागतो. विनवूड यांनी ग्लॉस्टरशायरमधील आपल्या शेतघरातल्या स्टुडिओत बसून १९८० चा ‘आर्क ऑफ अ डायव्हर’ हा अल्बम सर्व वाद्ये स्वतः वाजवून पूर्ण केला आणि तो अमेरिकेत गाजला. १९८६ मध्ये ‘हायर लव्ह’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले व त्याला वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी हा अमेरिकेतील मानाचा संगीत पुरस्कार मिळाला. त्या काळातले त्यांचे चकचकीत संगीत मला स्वतःला तितकेसे आवडत नाही, आणि बिअरच्या जाहिरातीत वाजलेले त्यांचे गाणे ऐकून ट्रॅफिकचे जुने चाहते नाराज झाले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. तरीही पहिल्या यशानंतर वीस वर्षांनी वेगळ्या वाद्यमेळासह पुन्हा शिखरावर पोहोचणे ही साधी गोष्ट नव्हे.

ते टिकले याचे कारण मला असे दिसते की त्यांना पुढे उभे राहण्याइतकीच मागे बसून साथ करण्याची गोडी होती. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या १९६८ च्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ अल्बममध्ये ‘व्हूडू चाइल’ हे सुमारे पंधरा मिनिटांचे गाणे आहे. त्यातला ऑर्गन विनवूड यांचा. स्वतःचे नाव झालेले असताना दुसऱ्याच्या गिटारला इतकी जागा देणारा ऑर्गन मी क्वचितच ऐकला आहे.

शिक्षणाविषयी म्हणाल तर विनवूड यांनी बर्मिंगहॅमच्या संगीतसंस्थेतील अभ्यासक्रम पूर्ण केला नाही, म्हणून त्यांचा दाखला देऊन आपण मुलाला शाळेत बसवू शकणार नाही. तो लगेच हीच गोष्ट आपल्याला ऐकवील. त्याऐवजी मफ यांच्याविषयी सांगा. त्यांनी वाजवणे सोडून ध्वनिमुद्रण कंपनीत काम धरले आणि डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमची निर्मिती केली. एकाच घरातील, एकाच बँडमधील दोघांनी संगीतावरच पोट भरले, पण व्यवहार आणि करार कळणारा त्यांतला एक होता. लग्नसराई आषाढापर्यंत आटोपते, कॉलेज त्याच सुमारास सुरू होते. तेव्हा बारावीपर्यंत दोन्ही जमण्यासारखे आहे. मात्र त्या अहिराणी गाण्याच्या पुढच्या ध्वनिमुद्रणाआधी वादक म्हणून त्याचे नाव आणि मानधन कागदावर लिहून घ्या, आणि तो अठरा वर्षांखालील असल्याने त्या कागदावर सही आपण करा.