आरशापुढे : पंधराव्या रांगेचा डोळा

प्रश्न : 2018 मध्ये माझ्या लग्नात मी डोळ्यांना कट क्रीज करून घेतली होती. तेव्हा मैत्रिणी विचारून विचारून थकल्या, कोणाकडून केलंस म्हणून. आता डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तिच्यासाठी तेच सांगितलं तर पार्लरमधली मुलगी हसली. म्हणाली, "ताई, ते आता कोण करतंय?" घरी येऊन अल्बम उघडला, तर मलाही माझे डोळे अंगावर आल्यासारखे वाटले. इतकं वाईट होतं का ते?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हसली ते चुकलंच तिचं. 2018 मध्ये ती बहुतेक दहावीचे क्लास करत असेल. त्या वर्षी नवी पेठेतल्या माझ्या पार्लरमध्ये दर दुसरी नवरी मोबाईल पुढे करून "मॅडम, अस्संच पाहिजे" म्हणायची, आणि मीही हौसेनं करायची.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोळा उघडला की पापणीवर जी घडी पडते, तिच्यावर गडद तपकिरी रंग भरायचा. मग चपट्या ब्रशवर कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) घेऊन घडीखालचा भाग कोरून काढायचा. वर गडद, खाली फिकट, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. फिकट भागावर सोनेरी शिमर. दोन्ही डोळ्यांना मिळून पाऊण तास जायचा, आणि एक डोळा झकास जमला की दुसरा हटकून दगा द्यायचा.

यात नवीन काही नव्हतं. लंडनची मॉडेल ट्विगी 1966 मध्ये गाजली ती अशीच घडीत ठळक रेघ ओढून. आणि नाटकवाले तर ती कायमच ओढत आलेत. मी हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यस्पर्धेच्या वेळी एका रंगभूषाकार दादांच्या हाताखाली ब्रश धुवायला होते. ते म्हणायचे, "पोरी, हा डोळा पंधराव्या रांगेसाठी आहे. विंगेतून बघू नये."

हे वाक्य मला कळायला वीस वर्षं लागली. मोबाईलचा पडदा ही पंधरावी रांगच की! तीन बोटांच्या चौकोनात डोळा उठून दिसायचा तर रेघ हवीच. इन्स्टाग्रामवर 2013 मध्ये पंधरा सेकंदांचे व्हिडिओ आले, 2016 मध्ये ते मिनिटाचे झाले. कट क्रीजसाठी मिनिट म्हणजे पुरेपूर. कन्सीलरचा एक हात फिरला की बघणारा थक्क. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सोलापूरच्या मुलीही रात्री दोनपर्यंत पापण्या कोरताना बघू लागल्या.

पण लग्नात ओटी भरायला येणारी मावशी हातभर अंतरावर असते. म्हणजे विंगेत.

माझीच फजिती सांगते. मे महिना, होटगी रोडवरचं कार्यालय, दुपारचा मुहूर्त. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत कूलर फक्त वरपक्षाकडे. नवरीच्या पापण्या मुळातच मांसल. अक्षता पडेपर्यंत कन्सीलर घडीत जमा झाला होता. पुढे लाजाहोमाचा धूर, डोळ्यांना धार, आणि तिनं शालूच्या पदरानं एकच डोळा पुसला. उरलेलं लग्न फोटोग्राफरनं उजव्या बाजूनं काढलं. मी राहिलेले पैसे मागितले नाहीत.

कट क्रीजची फॅशन पडली कशानं म्हणाल तर मला वाटतं, नवरीनं खाली बघणं सोडलं त्यानं. गंमत नाही. कट क्रीज पूर्ण दिसते ती नजर खाली असताना. वर बघितलं की निम्मी घडीत गडप. फोटोत नजर खाली ठेवता येते. 2020 च्या जुलैत आपल्याकडे रील्स आल्या आणि नवरी गॉगल लावून नाचत मांडवात यायला लागली. पापण्या लवणार, चेहरा हलणार, रेघ मात्र ताठ! पाठोपाठ ती कोरियन काचेसारखी त्वचा आली, मग डोळ्यांकडे बघतंय कोण. (त्या काचेला सोलापूरचं ऊन किती मानवतं, ते पुढच्या अंकात.)

तेव्हा तुमचे डोळे वाईट नव्हते. अल्बम हातभर अंतर ठेवून बघा, छान दिसतील. बहिणीला तेच तपकिरी-सोनेरी रंग घ्या, फक्त रेघ न कापता कडा वर विरवून टाका आणि सोनेरी रंग पापणीच्या मधोमध बोटानं टेकवा. डिसेंबरात घामाची भीती नाही. ट्रायल झाल्यावर लगेच चेहरा धुऊ नका. चार तास तसंच घरात वावरू द्या, मग आरसा दाखवा.

प्रश्न : पन्नाशीत पापण्या झुकल्यात. आयशॅडो लावलेली मलाच दिसत नाही.
– एक शिक्षिका, सात रस्ता

उत्तर : मग ती मोडीत निघालेली युक्ती तुमच्यासाठीच आहे. डोळे उघडे ठेवून, सरळ आरशात बघत, मूळ घडीच्या किंचित वर फिकट तपकिरी सावली द्या. डोळा मिटून लावाल तर जागा चुकणारच. चमक नको, मॅट घ्या. मात्र एकच पापणी अचानक उतरली असेल तर ब्रश ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : 2017 मधलं आयशॅडोचं महागाचं पॅलेट आहे, निम्मं शिल्लक. वापरू?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : नको. पावडर आयशॅडो साधारण दोन वर्षं धरा, मस्कारा तीन-चार महिने. जीव तुटत असेल तर रंग काढून टाका आणि डबी धुऊन टिकल्यांना ठेवा. माझ्याकडे अशा अकरा आहेत.