जर्नल तूच का लिहायचं?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन येऊन गेला. सीईटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग मिळण्याइतके पर्सेंटाइल आहेत, तुलाही तेच हवंय, पण घरात कॉम्प्युटरचा धोशा चाललाय. "मुलीच्या जातीला एसीतलं काम बरं." तिला काय सांगायचं ते मी सांगितलंय. कॉम्प्युटरला नावं ठेवायची नाहीत मला. आवडत असेल तर खुशाल घे, फक्त एसीसाठी घेऊ नकोस. पण प्रवेशाची काळजी मला फारशी नाही. प्रवेश मिळाल्यानंतर जे होतं, त्यासाठी हे पत्र.

पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं. एका लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, चार-पाच जणांचा ग्रुप. कुणीतरी अगदी सालसपणे म्हणेल, "तुझं अक्षर छान आहे, रीडिंग्ज तू लिहून घे." झालं. मुलीच्या हातात वही, मुलाच्या हातात हँडल. पुढे सगळ्यांची जर्नल्स तिच्यावरून उतरतात, तिला मार्कही चांगले पडतात, त्यामुळे काही बिघडलंय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. शेवटच्या वर्षी रिपोर्ट आणि पीपीटी तिची, फॅब्रिकेशन, म्हणजे प्रत्यक्ष बनवणं, मुलांचं. नोकरी लागली की ऑडिटच्या फायली तिच्याकडे, कारण "मॅडम नीटनेटकं करतात." आणि वरची जागा निघाली की "त्यांना शॉपचा, यंत्रांवरच्या कामाचा, अनुभव नाही हो." वाईट म्हणजे तोवर ते खरंही झालेलं असतं. इंटरव्ह्यू घ्यायला बसून मी हे ऐकलंय.

म्हणून जर्नल आळीपाळीने लिहायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. भांडण नको. "आज जॉब माझा, वही तुझी," एवढं हसून म्हटलं तरी चालतं. (जॉब म्हणजे यंत्रावर धरून कापायचा तुकडा.) ऐकलं नाही तर हसणं सोड.

कारण हाताला जे कळतं ते वहीत येत नाही. माइल्ड स्टीलचा रॉड चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून फेसिंग करून बघ, म्हणजे त्याचं टोक सपाट कापून बघ. कापणाऱ्या टूलचं टोक सेंटरपेक्षा जरासं खाली असेल तर बाकी फेस साफ होतो, पण मधोमध बारीकसं टेंगूळ उरतं. पुस्तकात ही एक ओळ असते. टूलखाली पत्र्याची पट्टी सरकवून परत कट घ्यायचा, टेंगूळ गेलं का बघायचं, नाही गेलं तर पट्टी बदलायची. तीन वेळा केलंस की पुढे नुसता जॉब बघून सेटिंग कुठे चुकलंय ते सांगशील. तसंच चिपचं. एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलखालून निघणारी चिप, म्हणजे धातूची साल, निळी पडायला लागली की स्पीड उतरव. चक-की, म्हणजे चक आवळायची किल्ली, काढून जागेवर ठेवल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नकोस. ओढणी नको, वेणी टोपीत, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या. हा काही मुलींसाठीचा नियम नव्हे, मुलांच्या हातातल्या कड्यांनाही तोच आहे. मास्तर तुलाच तेवढं बजावतील, तेव्हा मुलांच्या हातातली कडी दाखव.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी ठाऊक आहेत ना? तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा घेतलं. पण वर्षभर पारखून बघण्यापुरतं, अटी घालून. अपमान होता तो, त्यांनी तसं नंतर बोलूनही दाखवलं. पण त्या वर्षात प्रयोगशाळेतलं टेबल त्यांनी सोडलं नाही. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर स्वतः काम केलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. तुझ्यावर अशा अटी कुणी घालणार नाही. तुला प्रेमाने वही देतील, आणि नाही म्हणणं तिथे जास्त अवघड जातं.

कारखान्यांत आमच्या वेळी कायदाही आड यायचा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ६६ बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवू देत नसे. रात्रपाळी नाही म्हणून शिफ्ट इनचार्जची जागा नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षेच्या अटींवर ती मुभा दिली. तेव्हा रात्रपाळी आली तर घे. फक्त घरी सोडणारी गाडी आहे का ते आधी विचार. लेडीज टॉयलेट शॉपमध्ये आहे की ऑफिसच्या इमारतीत, तेही विचार. लाजायचं काय त्यात? वेगळी सोय करणं कायद्याने कंपनीवर बंधनकारक आहे.

आता पैशांचं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी राज्य सरकार भरतं. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर सवलत गेली. होस्टेल आणि मेस यात धरलेली नाही, ते बाबांना आत्ताच सांग. उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव, प्रवेशाच्या दिवसांत तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

आणि सेफ्टी शूज. मुलींच्या मापाचे दुकानात सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. भावाचे ढगळ बूट घालून मशीनपाशी उभी राहू नकोस. माप कळव, मी इथून पाठवते.

तुझी,
मावशी