जुनी ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घेतोय, आरशावर एक मोठा ओरखडा आहे, शनी नीट दिसेल का?

दिसेल. ओरखड्याचं टेन्शन सोडा. २०० मिमीच्या आरशावर ५ सेंमी लांब, ०.१ मिमी रुंद ओरखडा धरला तरी तो क्षेत्रफळाच्या ०.०२ टक्केही भरत नाही, मधला तिरका आरसाच त्याच्या कितीतरी पट उजेड अडवून बसलेला असतो. बघायचा असतो आकार, म्हणजे आरशाचा बाक. तिथे ७० नॅनोमीटरची चूकही महागात पडते, कारण परावर्तनात ती दुप्पट होते, आणि टॉर्च मारून ती दिसत नाही.

माझा आरसा चकाचक होता, एक डाग नाही, सोबत लॅम्डा बाय टेनचं सर्टिफिकेट, म्हणजे चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाच्या आत. आणि शनी कायम धुरकट, कॅसिनीची फट (शनीच्या कड्यांमधली काळी रेघ) काही केल्या काळी होईना. विकणारा म्हणे कॉलिमेशन करा, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवा. केलं. मग म्हणे तुमच्याकडचं सीइंगच (हवेची स्थिरता) खराब. आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ काकाही त्याच्याच बाजूने, "अरे सर्टिफिकेट आहे ना, आयपीस (डोळ्याकडची भिंग) बदल." अहो सीइंग रोज बदलतं, माझा शनी रोज तसाच धुरकट, हे कुणालाच खटकू नये?

शेवटी दुर्बिणीत ध्रुवतारा लावला, तो जागचा फारसा हलत नाही म्हणून बरा. हाय पॉवरला फोकस थोडा आत नेला तर ताऱ्याच्या पसरलेल्या चकतीभोवती केसाळ झालर, बाहेर नेला तर झालर गायब. कॉलिमेशन बिघडलेलं असतं तर चकतीतली वर्तुळं एका बाजूला सरकली असती, इथे झालर सगळीकडून सारखी. म्हणजे पॉलिश करतानाच आरशाची कडा पडलेली, हवी त्यापेक्षा खाली गेलेली. काळ्या कार्डशीटची ५ मिमी रुंद रिंग कापून आरशाच्या कडेवर बसवली, १० टक्के उजेड गेला पण कॅसिनी त्याच रात्री स्वच्छ. काकांना दाखवलं. म्हणाले, "आज सीइंग चांगलंय."

सर्टिफिकेटवाल्यांना मी हबल अंतराळ दुर्बिणीची गोष्ट ऐकवतो. २.४ मीटरचा आरसा, पॉलिश अप्रतिम, पण कडा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट, कारण आकार तपासायच्या उपकरणातलीच एक लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी. दुसऱ्या टेस्ट्समध्ये दोष दिसला होता, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला सारल्या. मग १९९० ला वर गेल्यावर बोंब झाली आणि १९९३ ला अंतराळवीर पाठवून निस्तरावं लागलं.

हां, ओरखडे जाळीसारखे आरसाभर असतील किंवा कोटिंग (आरशावरचा चकाकीचा थर) उडालं असेल तर कॉन्ट्रास्ट जातो, तेव्हा रिकोटिंगचा खर्च किमतीतून कापून घ्या. तारा त्रिकोणी दिसला तर आरसा धरणाऱ्या क्लिपा आवळलेल्या असतात, सैल करा. आणि टेस्टआधी दुर्बीण तासभर बाहेर ठेवा, निवत असलेला आरसा पडलेल्या कडेसारखाच दिसतो, काकांनी सांगितलेला तेवढा एक मुद्दा बरोबर.

विकणाऱ्याकडे कागद मागू नका, रात्री जा आणि दुर्बिणीत तारा लावायला सांगा. आज ढग आहेत म्हणाला तर पैसेही पुढच्या वेळी.