अर्धा कप चहा आणि छातीचा पट्टा

प्रिय पोरी,

रविवारी बेळगावात व्हॅक्सिन डेपोसमोरच्या आपल्या स्कायडायव्हिंगवाल्यांच्या बैठकीतून तू अर्धा कप चहा तसाच ठेवून उठलीस आणि स्कूटर काढून खानापूरच्या वाटेला लागलीस. रात्री तुझा मेसेज आला, ‘काका, यापुढे मी फक्त पॅराशूट जंपचं बोलणार. बाकी विषय निघाले की उठून जाणार.’ त्याचं उत्तर मोबाइलवर चार ओळींत मावेना, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय.

तुझं चिडणं मला कळतंय. म्हादई नदीचा विषय निघाला, गोव्याचा तो पोरगा तिचं पाणी कर्नाटकाकडे वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाबद्दल बोलताना ‘तुम्ही आमचं पाणी पळवता’ म्हणाला आणि तू पेटलीस. तुझं गाव कणकुंबीच्या अंगाला. पावसाळ्यात तिथं चार महिने आभाळ फाटतं आणि मे महिन्यात तुझी आई घागर घेऊन चालते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याची आजी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते, तिचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, त्याच नदीच्या पाण्यावर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादानं कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, हा आकडा तुम्हा दोघांनाही तोंडपाठ होता. खरं सांगू, मला तुमचं ते भांडण आवडलं. दोघंही आपापल्या घरचं बोलत होता, कुणाचं ऐकून आलेलं नव्हे.

मला वाईट वाटलं ते नंतरचं. तू गेल्यावर दहा मिनिटांनी त्या पोरानं एक गोष्ट सांगितली. ती ऐकायला सगळ्यांत आधी तू तिथं हवी होतीस, कारण आमच्या बैठकीत सगळ्यांत कमी जंप तुझ्या आहेत. म्हणून ती आधी सांगतो.

गेल्या महिन्यात तो उतरत होता. कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटचं छत, झकास उघडलेली, वारा बेताचा, सगळं ठीक. जमीन दोनशे फुटांवर आली तेव्हा त्याला समोर एक जीप आडवी येताना दिसली. त्यानं घाबरून उजवा टॉगल, म्हणजे कॅनॉपी वळवायची मूठ, खाली ओढला, पार कमरेपर्यंत. मग काय होतं ते तुला वर्गात शिकवलंय, पण वर्गात ऐकणं वेगळं. कॅनॉपी एका अंगाला कलली, तो स्वतः झोपाळ्यासारखा बाहेर फेकला गेला आणि जमीन एकदम अंगावर आली. त्या क्षणी त्याच्या हाताला आठवलं, डोक्याला नव्हे, असं तो म्हणाला. त्यानं दोन्ही टॉगल समान करून खाली घेतले. कॅनॉपी डोक्यावर परत आली आणि तो गुडघ्यांवर आपटला. गुडघा अजून सुजलेला आहे. रविवारी तो लंगडत आला होता, तुझ्या लक्षात आलं का?

बैठकीत मग तासभर तेच चाललं. माझ्या जुन्या तुकडीतल्या अण्णांनी चहाच्या दोन कपबशा घेऊन दाखवलं. जमिनीजवळ दिशा बदलायची वेळ आलीच तर आधी दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत आणायचे आणि मग एक थोडासा वर सोडायचा. कॅनॉपी न कलता, सपाट वळते आणि उंची फार जात नाही. हे वर तीन हजार फुटांवर असताना प्रत्येक जंपला दोन-तीनदा करून बघायचं, म्हणजे खाली गरज लागेल तेव्हा हाताला ठाऊक असतं. आपल्या खेळात किती माणसं पूर्ण उघडलेल्या, धडधाकट कॅनॉपीखाली जिवानिशी गेलीत! पॅराशूट न उघडण्याची भीती सगळ्यांना असते. उघडलेल्या पॅराशूटची भीती कुणी बाळगत नाही. तुझ्या एकतीस जंप झाल्यात. हा धडा तुझ्यासाठी होता आणि तो तुला अशा माणसाकडून मिळणार होता, ज्याचं तोंड बघायला तू त्या वेळी तयार नव्हतीस.

आता माझं सांगतो. हे मी घरात सोडून फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९८६ चा जून. मी सैन्यात, आग्र्याला होतो, वय चोवीस. मालपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, फ्रीफॉलचा, पॅराशूट उघडायच्या आधी मोकळं पडण्याचा, सराव चालायचा, पहाटेच, कारण उन्हं चढली की तिथं उभं राहवत नाही. तेव्हा मोबाइल कुठला! घरून पोस्टानं ‘तरुण भारत’चे अंक यायचे, चार-पाच दिवस शिळे. त्यात कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावरच्या गोळीबाराची बातमी होती. आपल्या भागातली माणसं गेली होती. मी ती बातमी रात्रभर उशाशी घेऊन झोपलो, म्हणजे झोपलोच नाही.

अण्णा माझ्याच तुकडीत. बैलहोंगलचे, घरात कन्नड. युनिटमध्ये राजकारण बोलायचं नाही असा दंडक होता, तरी सकाळी ट्रकमध्ये मी त्यांना नाही नाही ते बोललो, जणू तो हुकूम त्यांनीच काढला होता. ते गप्प बसले. विमानाजवळ एकमेकांचा साज, म्हणजे पॅराशूट आणि ते अंगाला बांधणारा पट्ट्यांचा हार्नेस, तपासायची आमची जोडी ठरलेली. मी पाठ फिरवून उभा राहिलो. त्यांचा साज मी बघितला नाही आणि माझ्या साजाला त्यांचा हात लागू दिला नाही.

एएन-३२ चढत होतं. त्या विमानाच्या पोटात कान फाटतील असा आवाज असतो, बोलणं शक्यच नसतं. दार उघडायच्या जरा आधी अण्णा समोरच्या बाकावरून उठले, माझ्यापुढे आले आणि माझ्या छातीच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून ओढली. पट्टा सरळ त्यांच्या हातात आला. बकलमधून एकदा गेलेला होता, पण परत वळवून अडकवलेला नव्हता. वरून बघणाऱ्याला बांधलेलाच दिसला असता. कॅनॉपी उघडताना जो झटका बसतो त्यात तो सुटला असता आणि मी खांद्यांतून हार्नेसच्या बाहेर गेलो असतो. अण्णांच्या अंगठ्याचं नख तेव्हा काळंनिळं झालेलं होतं, पेटीचं झाकण पडून. त्या अंगठ्यानं पट्टा बकलमधून परत काढताना, टोक पट्टीखाली खोचताना मी नुसता बघत होतो. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

मी त्यांचे आभार मानले नाहीत. आठ दिवस बोललोच नाही. गोळीबाराबद्दलचं माझं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे, ते बदलायचं काही कारण मला दिसत नाही. सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मी निषेधाच्या काळ्या दिवसाला जातो, अण्णा चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाला जातात. २०१४ च्या त्याच तारखेला आपल्या गावाचं सरकारी नाव बदललं. त्या दिवशीही आम्ही संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो आणि दोन तास भांडलो. ते ‘बेळगावी’ म्हणत होते, मी ‘बेळगाव’. काकूंनी कुंदा आणून ठेवला, तो दोघांनी खाल्ला.

तेव्हा बाकी विषय बोलणार नाही असं ठरवू नकोस. ड्रॉप झोनवर माणूस जितका वेळ हवेत असतो त्याच्या शेकडो पट जमिनीवर बसून असतो. ढग आले, बसा. वारा वाढला, बसा. विमानात इंधन भरतंय, बसा. तेरा हजार फुटांवरून उडी मारल्यावर फ्रीफॉल मिळतो जेमतेम पन्नास सेकंद आणि त्यासाठी अख्खा दिवस सतरंजीवर जातो. त्या दिवसात बोलणं होणारच. ऊसदराचं होईल, २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसला टनाला साडेतीन हजार मागत बसलेल्या शेतकऱ्यांचं होईल, निपाणीच्या तंबाखूचं होईल, दुकानांच्या पाट्यांचं होईल. त्यातूनच तुला कळतं की हा माणूस रागात काय करतो, चुकला तर मान्य करतो का, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणतो का. मी कुणाबरोबर फॉर्मेशनला, म्हणजे हवेत एकमेकांना धरून पडायला, जायचं आणि कुणाबरोबर नाही, हे कितीतरी वेळा त्याच्या निवडणुकीवरच्या बोलण्यावरून ठरवलंय. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा माणूस हवेत तुझा इशाराही पुरता बघत नाही.

खेळाबद्दलचे वादही तसेच ऐक. त्या आपोआप रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडणाऱ्या यंत्राचं घे. सायप्रेस नावाचं तसलं यंत्र १९९१ मध्ये आलं तेव्हा जुनी माणसं नाकं मुरडायची, म्हणायची की यानं पोरं बेफिकीर होतील. यंत्रानं पुढं कितीतरी जीव वाचवले आणि तो वाद बहुतेक मिटला. पण जुन्यांच्या म्हणण्यातला एक धागा मी धरून ठेवलाय. ते यंत्र साडेसातशे फुटांच्या आसपास काम करतं. पोटावर पडताना हजार फूट जायला सहा सेकंदही लागत नाहीत, म्हणजे साडेसातशेला तुझ्या हातात उरतात चार. रिझर्व्ह उघडायचा तुझा निर्णय अडीच हजार फुटांवर झालेला असला पाहिजे. यंत्र आहे हे अंगावर चढवताना बघ आणि मग विसरून जा.

शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली तेव्हाही आपल्याकडे खूप चर्चा झाली. कुणी अभिमानानं बोललं, कुणी हे कशाला म्हणालं. मला त्या सगळ्यात एकाच मुलीचा प्रश्न आठवतो. तिनं विचारलं, ‘काका, पदर हँडलवर आला तर?’ त्यावर आम्ही दीड तास बोललो. सैल कापड कुठं खोचायचं, हार्नेस वरून की खालून, हँडल हाताला कसं सापडेल. ती प्रश्न विचारणारी मुलगी तू होतीस. तेव्हा तू दहावीत होतीस, विमानात पाऊलही ठेवलेलं नव्हतंस. म्हणून तर मी तुला बैठकीत ये म्हटलं.

अपघाताची बातमी आली की मात्र जपून. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, फेलिक्स बाउमगार्टनर गेला. २०१२ मध्ये एकोणचाळीस किलोमीटरवरून उडी मारून सुखरूप उतरलेला माणूस, इटलीत पॅराग्लायडर उडवताना पडला. संध्याकाळपर्यंत आपल्या बैठकीत पाच जणांनी पाच कारणं सांगितली होती. एकालाही काही ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस गप्प बस. चौकशीत काय निघतं ते वाच आणि मग स्वतःला विचार, त्या जागी माझा हात कुठं गेला असता. गेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या कानावर आपली बडबड जाते, हे मी एकदा एका आईच्या तोंडून ऐकलंय. परत ऐकायची माझ्यात ताकद नाही.

एक रेघ मात्र आखून घे. हार्नेस अंगावर चढला की बाकी सगळे विषय बंद. म्हादई बंद, सीमाप्रश्न बंद, घरचं बंद. तेव्हा फक्त तीन-तीन गोष्टी: खांद्यांवरच्या तीन कड्यांचे दोन्ही जोड, तीन पट्टे म्हणजे छातीचा एक नि मांड्यांचे दोन, आणि तीन हँडल म्हणजे मेन (मुख्य पॅराशूट उघडायचं), कटअवे (बिघडलेलं मेन सोडून द्यायचं), रिझर्व्ह. अंगावर चढवायच्या आधी, विमानात बसायच्या आधी आणि दार उघडायच्या आधी, असं तीनदा. पाठीमागची, पॅराशूट बंद ठेवणारी पिन तुला दिसत नाही, ती दुसऱ्यानंच बघायची असते. ज्याच्याशी आत्ताच भांडलीस त्याच्यापुढे पाठ करून ‘बघ रे जरा’ म्हणायला जड जातं, मला तर १९८६ मध्ये जमलंच नव्हतं. आणि मन इतकं ढवळलेलं असेल की पट्टा लावताना हात थरथरतोय, तर त्या फेरीला जाऊ नकोस. पैसे बुडतील, बुडू देत. ‘मी खाली थांबते’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा आपल्या बैठकीचा नियम अण्णांनी घातलाय आणि तो मोडलेला मला चालत नाही.

पुढच्या महिन्यात तू शिबिराला निघालीस. साज भाड्याचा असेल. तो हातात आला की पहिल्यांदा रिझर्व्हचं पॅकिंग कार्ड काढून तारीख बघ, मुदत उलटली असेल तर शांतपणे परत दे. कॅनॉपी लहान घे असं कुणी सुचवेल, ‘तुझं वजन कमी आहे, चालेल’ म्हणेल. ऐकू नकोस. शिकलीस त्याच मापाची घे.

रविवारी सातला ये. तो पोरगा चोर्ला घाटातून बसनं येणार आहे, गुडघ्यामुळं त्याला गाडी चालवता येत नाही. स्टँडवरून त्याला आणायला कुणीतरी हवंय. तुझी स्कूटर आहे. वाटेत म्हादई काढलीस तरी हरकत नाही, पण त्या सपाट वळणाचं त्याच्याकडूनच ऐक, माझ्या पत्रातलं पुरे धरू नकोस. अण्णा त्यांचा जुना हार्नेस आणणार आहेत. डोळे मिटून छातीचा पट्टा लावायचा आणि दुसऱ्यानं तपासायचा, असं ठरलंय. तुझी जोडी त्याच्याशी लावलीय.

तुझा,
काका