हाडांची प्रश्नोत्तरे: जन्मजात की नंतरचं?

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जन्मतःच कुबडा होता का?

कुबडाही नव्हता आणि जन्मापासूनही नव्हता. २०१२ साली लेस्टरमध्ये पार्किंगच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. कुबड येतं ते पाठ पुढे झुकल्यामुळे. याचा कणा बाजूला वळला होता, म्हणजे स्कोलिओसिस. सीटी स्कॅनवरून मणक्यांच्या प्रतिकृती बनवून कणा जोडला तेव्हा बाक ६५ ते ८५ अंशांचा निघाला. दोष जन्मजात असता तर एखादा मणका अर्धाच, पाचरीसारखा घडलेला दिसला असता. तसं काही नाही; वयाच्या दहाव्या वर्षानंतर कणा वळू लागला असावा. उजवा खांदा थोडा वर राहत असणार, पण चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असलं की ते सहज झाकलं जातं. बत्तिसाव्या वर्षी, १४८५ मध्ये, तो बॉसवर्थच्या रणात लढता लढता मेला. नाटकातलं कुबड शेक्सपिअरकडेच राहू द्या.

जुन्या सांगाड्यात दोन मणके चिकटलेले दिसले, तर क्षय समजायचा का?

लगेच नको. ते हाड आडवं धरून पाहा. गर्भातच न सुटलेले मणके जोडाच्या जागी चिमटलेले असतात, अगदी डमरूसारखे, आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. क्षयात मणक्याचा पुढचा भाग पोखरून ढासळतो आणि पाठीला टोकदार बाक येतो. मानेतले मणके जन्मतःच जोडलेले असतील, तर त्याला क्लिपेल-फाइल म्हणतात. १९१२ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. आजार मात्र त्याहून कितीतरी जुना.

माझ्या एक्स-रेवर ‘स्पायना बिफिडा ऑकल्टा’ लिहून आलंय. मध्ययुगीन सांगाड्यांतही हेच सापडतं म्हणे. घाबरू का?

त्या शब्दाला तरी नको. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीची मागची कमान पुरती जुळलेली नसते, एवढाच अर्थ. सांगाड्यात तिथे उघडी खाच दिसते, पण जिवंतपणी ती जागा चिवट पडद्याने मिटलेली असते. अशी माणसं बहुधा शेतात राबली, म्हातारी झाली. त्यांना पत्ताही नसेल. पाय बधिर होत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर मात्र डॉक्टरांना गाठा.

एका दफनभूमीत असे बरेच सांगाडे निघाले, तर ते एकाच घराण्यातले का?

शंका घ्यायला जागा आहे. पण डीएनए तपासल्याशिवाय नातं जुळवू नये.